स्पेशल मुलांचा नाच आणि गावोगावचे पाहुणे: नागपुरात हे कसं जमवायचं

मी नागपुरात दर शनिवारी सकाळी स्पेशल मुलांचा नाचाचा क्लास घेते. पंधरा-सोळा मुलं येतात, कुणाला ऑटिझम, कुणाला डाउन सिंड्रोम, दोघं व्हीलचेअरवर, तिघांना ऐकू येत नाही, एक मुलगी पूर्ण अंध. आणि वर्षातून दोनदा आम्ही बाहेरचे लोककलाकार बोलावतो, गडचिरोलीचे, छत्तीसगडचे, जे जमतील ते. पालक आणि शाळेतल्या ताई सारख्या विचारतात की हे कसं करता, आम्हालाही करायचंय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. देवाणघेवाण म्हणजे पाहुणे येऊन नाचून दाखवणार, आपली मुलं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार आणि शेवटी शाल-श्रीफळ, असं नाही. तो कार्यक्रम झाला, आणि तसले कार्यक्रम या मुलांसाठी वर्षभर होतच असतात. देवाण पण हवी आणि घेवाण पण हवी. पाहुण्यांनी आपल्या मुलांकडून एक तरी स्टेप, एक तरी खेळ शिकून जायलाच पाहिजे. आपल्या पोरांकडे कुणी काही मागतच नाही हो, सगळे द्यायलाच येतात, आणि आपल्यालाही काही देता येतं हे ज्या दिवशी मुलाला कळतं त्या दिवशी त्याची मान कशी ताठ होते ते बघाच.

आता कोणता नाच निवडायचा. मी स्वतः कथक शिकलेय, म्हणून सुरुवातीला तेच शिकवत होते, तत्कार म्हणजे पायांचे ठेके, हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली, चक्कर, आणि तीन महिन्यांत मुलंही कंटाळली नि मीही थकले. कथकात काही कमी आहे असं नाही, पण स्टेजवरचा नाच समोर बसलेल्या माणसासाठी असतो, त्यात चूक लगेच दिसते. गावातला फेराचा नाच बघणाऱ्यासाठी नसतोच मुळी. त्यात म्हातारी आजी असते, कडेवर लेकरू घेतलेली बाई असते, पाय ओढत चालणारा माणूस असतो, सगळे त्याच गोलात, कुणी अर्धीच स्टेप केली तरी गोल काही मोडत नाही. म्हणून स्पेशल मुलांसाठी मी आधी फेराचे नाच घेते, बाकी सगळं नंतर.

गडचिरोलीच्या माडिया-गोंड लोकांचा रेला माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात चांगला. हातात हात, गोल, संथ पाऊल, आणि 'रे रेला रे रेला' हे पालुपद इतक्यांदा येतं की बोलता न येणारी मुलंसुद्धा तिसऱ्या फेऱ्यात 'रे' म्हणायला लागतात. ढेमसा पण तसाच, पण त्यात एकमेकांच्या कमरेला-खांद्याला धरतात आणि अंगाला हात लागलेला न चालणारी मुलं असतील तर अवघड जातं, तिथे आम्ही मध्ये ओढणी धरतो, एक टोक याच्या हातात एक त्याच्या. छत्तीसगडचा सुवा नाच तर ऑटिझमच्या मुलांसाठी वरदान आहे, मधोमध टोपलीत मातीचा पोपट ठेवायचा, भोवती फिरायचं, वाकायचं आणि नुसत्या टाळ्या. ढोल नाही, ताशा नाही, त्यामुळे कानाचा त्रास नाही. पोपट मुलांनी आधीच्या शनिवारी स्वतः बनवलेला असेल तर आणखी बरं.

पंथी जरा विचार करून घ्या. छत्तीसगडचे संत गुरु घासीदास यांची आठवण म्हणून सतनामी समाजाचे लोक तो नाचतात, मांदर म्हणजे मृदंगासारखं वाद्य, त्यावर आणि झांजेवर हळू सुरू होतो नि वाढत वाढत फार वेगात जातो, शेवटी एकमेकांच्या अंगावर चढून मनोरा करतात. तर मनोरा अजिबात नाही, आणि वेग कुठे थांबवायचा ते पाहुण्यांशी आधीच ठरवून ठेवायचं. छत्तीसगडच्या गवळ्यांच्या राऊत नाचात हातात काठ्या असतात, त्याऐवजी आम्ही गुंडाळलेली वर्तमानपत्रं देतो. आणि काही गोष्टींना हातच लावायचा नाही. तेलंगणातल्या आदिलाबादकडच्या राजगोंडांचा गुसाडी नाच, दिवाळीतला, तो मोरपिसांचा मोठा टोप घालून करतात, त्यातले कलाकार कनकाराजू यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली होती. तो त्यांच्या देवाधर्माचा भाग आहे, त्यातलं काय शिकवायचं आणि काय नाही हे त्यांनीच सांगायचं, आपण पुठ्ठ्याचे टोप करून मुलांच्या डोक्यावर चढवायचे नाहीत. आदिवासी दाखवायचे म्हणून पानांचे घागरे आणि तोंडाला काळा रंग हेही नाही, प्लीज.

कलाकार कुठून मिळतात हा प्रश्न हमखास येतो. नागपूरकरांचं नशीब चांगलं आहे, सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासूनचं, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र, तेलंगणा इतक्या राज्यांचे कलाकार तिथे येतात आणि हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो तेव्हा लोकनृत्यही असतात. कलाकारांचा कार्यक्रम संध्याकाळी, म्हणजे सकाळी बऱ्याचदा ते मोकळे असतात. रीतसर पत्र द्या, महिनाभर आधी, मुलं किती, वय काय, किती वेळ, गाडी कोण पाठवणार सगळं त्यात लिहा. नाहीतर गडचिरोली-गोंदियाकडचे कुणी शिक्षक ओळखीचे असतील त्यांना विचारा, त्यांच्या गावात पथक असतंच. आणि मानधन द्या. त्याच दिवशी, हातात. स्पेशल मुलं आहेत म्हणजे फुकट करतील असं गृहीत धरणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते मुळीच पटत नाही, तो माणूस शेतीचं काम सोडून चार-पाच तास गाडीत बसून आलेला असतो.

वेळ कोणती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा विचारसुद्धा नको, कारण फिट्सच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि मूल आतल्या आत तापतं, बाहेरून कळतही नाही. पोळा-मारबत ते गणपती विसर्जन हा काळही मी टाळते, रस्त्यावरच्या ढोल-ताशांनी मुलांचे कान आणि डोकं आधीच शिणलेलं असतं.

आता तयारी, आणि इथेच खरी मेहनत आहे. प्रत्येक मुलाचं एक पान करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, पण मुलाच्या पानावर तो प्रकार मी सगळ्यात शेवटी लिहिते. आधी लिहायचं त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, 'हो' कसं सांगतो, 'नको' कसं सांगतो, हात धरलेला चालतो का, सू लागली तर कसं कळतं. आमच्याकडचा एक मुलगा 'नको' म्हणायला स्वतःचा कान ओढतो, ते माहीत नसेल तर पाहुण्यांना वाटेल गाणं आवडून राहिलं त्याला.

तब्येतीचं मात्र आईवडिलांच्या अंदाजावर सोडायचं नाही, डॉक्टरांकडून लिहून आणा. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे कोलांटी, मान झटकणं, डोक्यावर भार असलं काही नाही, आणि जवळपास अर्ध्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो म्हणून दम लागतोय का इकडे लक्ष. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असलेल्या, बऱ्याच मुलांना अचानक मोठा आवाज झाला की सगळं अंग दचकून ताठ होतं, तर ढोलावर पहिली थाप पडायच्या आधी 'आता वाजणार हं' असं सांगून, हात वर करून दाखवून, मगच वाजवायचं. पायातले आधाराचे स्प्लिंट काढायचे की ठेवायचे हे त्यांच्या फिजिओला विचारा. ऐकू न येणाऱ्या काही मुलांचा तोलही कच्चा असतो, कारण कान आणि तोल एकाच ठिकाणी आहेत, त्यांना गरगर फिरवायचं नाही. ज्यांना फिट्स येतात ती मुलं असतील तर लुकलुकणारे लाइट आणि फोटोचे फ्लॅश बंद. आणि हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं, मूल बाथरूमला गेलं तरी त्याच्या ओळखीचंच माणूस सोबत.

पाहुणे यायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्याकडून मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ मागवायचा, साधाच, घराच्या अंगणातला, नेहमीच्या कपड्यात 'मी अमुक, मी येणार आहे' आणि दोन ओळी गाण्याच्या. तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा आणि मुलांना रोज दाखवायचा. ऑटिझमच्या मुलांसाठी चित्रांची पट्टी करायची, पहिलं चित्र चप्पल काढणे, मग गोल, मग पाहुणे, मग ढोल, मग पाणी, मग घर. एकेक झालं की चित्र उलटं करायचं. ही पट्टी नसताना आमचा पहिला प्रयोग फसला होता, पथक वाजवत वाजवतच आत आलं, थाटात, आणि एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसला तो पाऊण तास बाहेर आला नाही. चूक माझी होती, पथकाची नाही, मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

म्हणून पाहुण्यांशी आदल्या दिवशी तासभर बोलायचंच. त्यांना आजारांची नावं सांगून घाबरवायचं नाही, पानं वाचून दाखवायची. मूल गोल सोडून निघून गेलं तर बोलावू नका, ते परत येतं. हात धरून ओढू नका. एक स्टेप दहा वेळा करा, दहा स्टेप्स एकदा नको. गडचिरोलीच्या एका दादांनी हे ऐकून मला सांगितलं, आमच्याकडे लहान लेकरू असंच शिकते ताई, कोणी शिकवत नाही, बाजूने चालत राहते. मग मला जास्त काही सांगायची गरजच उरली नाही.

हॉल लाकडी फरशीचा मिळाला तर सोनं. ऐकू न येणारी मुलं अनवाणी उभी राहिली की ढोल पायातून कळतो त्यांना. लाकडी नसेल तर प्लायवूडची शीट टाका, ढोल त्यावरच ठेवा. अंध मुलीसाठी जमिनीवर गोल आकारात सुतळी चिकटवायची, वरून चिकटपट्टी, तळपायाला उंचवटा लागतो आणि ती कुणाचा हात न धरता अख्खा फेरा मारते. स्टेप शिकवताना तिचे पाय हाताने हलवायचे नाहीत, उलट तिला विचारून तिचे हात आपल्या गुडघ्यावर ठेवायचे आणि आपण स्टेप करायची. एका कोपऱ्यात गादी, उशी, कान झाकायचे हेडफोन, तिथे कुणी कुणाशी बोलायचं नाही. लांबून येणारे मेट्रोने आले तर बरं, लिफ्ट आहे आणि डबा प्लॅटफॉर्मच्या बरोबरीत असतो, व्हीलचेअर सरळ आत जाते.

व्हीलचेअरवरच्या मुलांच्या पालकांचं एक ठरलेलं वाक्य, खुर्चीत बसून काय नाचणार मॅडम. त्यांना मी सय्यद सल्लाउद्दीन पाशांच्या विद्यार्थ्यांचं व्हीलचेअरवरचं भरतनाट्यम दाखवते, आणि लंडनच्या कॅन्डोको कंपनीचं काम, तिथे १९९१ पासून अपंग आणि इतर नर्तक एकाच स्टेजवर नाचतात. पण वर्गात मी आणखी एक करते, एक अख्खा फेरा सगळ्यांनी खुर्चीवर बसून करायचा, पाहुणे धरून. तेव्हा पाहुण्यांना जमत नाही आणि आमची दोघं त्यांना शिकवतात की चाक अर्धं मागे, मग पुढे, मग टाळी. आणि खुर्ची म्हणजे त्या मुलाचं अंगच आहे, न विचारता ढकलायची नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलांना कधी वळायचं ते कसं कळणार? चीनमधल्या दिव्यांग कलाकारांच्या पथकाने २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकच्या समारोपात हजार हातांच्या देवीचा नाच केला होता, सगळ्या नर्तकी एकामागे एक उभ्या, ऐकू न येणाऱ्या, आणि स्टेजच्या कोपऱ्यांतून सांकेतिक भाषेत त्यांना ताल दिला जातो. आम्ही तेच उचललं, चार कोपऱ्यांत चार आया उभ्या, हातात लाल रुमाल, वळायच्या एक ठेका आधी रुमाल वर. मूल कुठेही तोंड करून असो, एक रुमाल दिसतोच. परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल करणार असाल तर दोन गोष्टी. एकत्र नाचायला जाऊ नका, आवाज उशिरा पोचतो आणि सगळा ताल बिघडतो, एकदा त्यांनी करायचं मग आपण उत्तर द्यायचं असं ठेवा. आणि सांकेतिक भाषा जगभर एकच असते असं समजू नका, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात आणि अमेरिकेत एका हाताने, मुलांना हे आधी सांगितलं की त्यांना त्याचीच मजा वाटते नि आपापली नावं एकमेकांच्या पद्धतीने करून बघतात.

प्रत्यक्ष दिवस पाऊण तासाचा, जास्त नाही. ओळख, त्यांचा एक नाच, पाणी, मग आपली पाळी. आपली पाळी म्हणजे आम्ही भुलाबाई घेतो. विदर्भात कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात, टिपऱ्या असतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते, ते आम्ही हिवाळ्यातही करतो, कुणी रागवत नाही. टिपऱ्या दोन नाही, प्रत्येकाला एकच, दुसरी समोरच्याची. ज्याची पकड कच्ची त्याच्या टिपरीला जुन्या सायकलची रबरी मूठ चढवायची.

आणि खिरापत. मागच्या वेळी छत्तीसगडच्या चार दीदी आल्या होत्या. स्टीलचा डबा, झाकण लावलेलं, आमच्या अंध मुलीच्या हातात. तिने डबा कानाशी नेला, एकदा उभा हलवला, एकदा आडवा, मग बोटाने बुडाला टिचकी मारली. मुरमुरे नाहीत म्हणाली, मुरमुरे सरकतात, हे गडगडून राहिलं. दीदींना ओळखायला लावलं तर त्या सुपारी म्हणाल्या, बत्तासे म्हणाल्या, हरल्या. पोरगी म्हणाली दोन वस्तू आहेत, एक जड आणि एक हलकी, जड आधी थांबते. उघडला तर शेंगदाण्याचे लाडू आणि लाह्या. त्यातल्या मोठ्या दीदींनी तिच्याकडून ते हलवणं शिकून घेतलं, उभं, आडवं, टिचकी, आणि लगेच सुवाच्या फेऱ्यात तीच स्टेप घातली, दोन टाळ्या आणि मग डबा हलवल्यासारखे हात. सगळ्यांनी केली. मला हवी असते ती देवाण हीच, ठरवून होत नाही, पण जागा ठेवली तर होते. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी काहीच ठरवत नाही. एकदा पुढे-मागे झुलत राहणाऱ्या आमच्या एका मुलाजवळ ढोलवाले दादा जाऊन बसले आणि त्याच्या झुलण्यावर ठेका धरला, तो थांबला की ढोल थांबायचा, चौथ्यांदा त्याने मुद्दाम थांबून दादांकडे बघितलं. त्याच्या आईने तोंडावर पदर धरला.

फोटोसाठी पालकांची आणि पाहुण्यांची लेखी परवानगी घ्या, आणि पाहुण्यांना घरी दाखवायला दोन-चार फोटो जरूर पाठवा. स्टेज शो करायचाच असेल तर सहा महिन्यांनी बघा, पहिल्या भेटीत नाही. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला सगळीकडून बोलावणं येतं, मुलं नाचून आली की दोन दिवस आजारी पडतात, आम्ही आता बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतो.

पुढच्या शनिवारी क्लास त्याच वेळेला झालाच पाहिजे, ही शेवटची गोष्ट विसरू नका. पाहुणे दिसत नाहीत म्हणून काही मुलं अस्वस्थ होतात, दाराकडे बघत राहतात. आम्ही चित्रांच्या पट्टीत आणखी एक चित्र घालतो, ट्रेन आणि पुढे पाहुण्यांच्या घराचा फोटो, त्याच अंगणाचा जे आधी व्हिडिओत बघितलं होतं. टेबलाखाली बसलेला तो मुलगा आता क्लासला आला की आधी ते चित्र काढतो, अंगणावर बोट ठेवतो, दोन टाळ्या वाजवतो आणि डबा हलवल्यासारखे हात करतो, मग चप्पल काढतो.